निळा अंगठा

धरणाच्या नकाशात पाणी निळ्या रंगाने भरतात आणि बुडणारी जमीन तिरप्या रेघांनी दाखवतात. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात हेच काम करण्यात घालवली. जिल्ह्यात झालेली धरणं, होणार असलेली धरणं आणि भूमिपूजनाच्या कोनशिलेपुढे कधीच न सरकलेली धरणं, सगळ्यांचं पाणी त्याच्या ब्रशातून उतरलेलं. एवढं पाणी रंगवलेला माणूस एकदाही पाण्यावर बसलेला नव्हता. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्याचा उजवा हात कापायला लागला, आणि त्याच महिन्यात त्याने घरात सांगून टाकलं की आपण नाव बांधणार.

वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिल्या. मी मात्र बोललो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. समोरच्याच्या उत्साहावर दोन ओळींचं भाष्य केल्याशिवाय मला चहा जात नाही. आमच्या मोताळ्यात नाव बांधणं म्हणजे कोकणात कापूस वेचायला जाणं, असं काहीतरी मी म्हणालो. अकोल्याच्या डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं की हाताचा हा कंप गोळ्यांनी लांबवता येईल, थांबवता येणार नाही. लांबवणं म्हणजे किती, असं त्याने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, एखादं वर्ष बरं जाईल. दादाने त्याचा अर्थ आपल्या खात्याच्या भाषेत लावला: एक पाणी. या पावसाळ्यात धरण भरेल, फाल्गुनापर्यंत ओसरेल, तेवढ्यात वल्हं त्याच्या स्वतःच्या हातात असायला हवं होतं. त्याला दुसरं काही नको होतं.

त्याच्या मदतीला मिस्त्री होते. आमच्या लहानपणापासून गावात चौकटी, जू, बैलबंड्यांची चाकं करणारे सुतार. शाळेत कधी गेले नाहीत; सही म्हणून अंगठा, पण आकडे वाचता येतात, कारण टेपवर आकडेच असतात. दादाला ते 'भाऊ' म्हणत आणि मला 'सर'. दोन्ही हाकांत फरक होता, आणि तो मला आवडायचा.

दादाने इंटरनेटवरून कॅनूचा, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावेचा, आराखडा उतरवला आणि तो पुन्हा स्वतः काढला, कारण दुसऱ्याच्या रेषेवर त्याचा विश्वास नव्हता. पातळ मरीन प्लायच्या पट्ट्या कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यात इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळलं की घट्ट होणारा चीक, भरायची, तार काढून घ्यायची आणि वरून काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने चिकटवायचं. कापडासारखं लाकूड शिवायचं हे ऐकून मिस्त्री दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी शिवलं. भाद्रपदात सुरू झालेलं काम पौषात आटोपलं. आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर ती सोळा फुटी नाव उपडी ठेवलेली असायची, आणि मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्या पोटावर थाप मारून सांगायचे, "पुऱ्या डोंग्यात एक चूक नाही मारली."

चूक म्हणजे सुताराचा बारका खिळा. प्राध्यापक असल्यामुळे मला त्यातला श्लेष लगेच कळला आणि मी तो चारचौघांत वापरलाही. चूक मारायची बाकी होती, ती माझ्या वाट्याची होती, हे तेव्हा कळलं नाही.

राहिला होता रंग. दादाला वरचे शेवटचे तीन हात रंगीत इपॉक्सीचे हवे होते: रेझिनमध्येच रंगद्रव्य मिसळायचं, मग हार्डनर घालून रोलरने लावायचं. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते, खराब होते. रंगाने ती जरा सांभाळली जाते. हे कारण तो सांगायचा. खरं कारण म्हणजे त्याला त्याच्या नकाशातला निळा हवा होता. दुकानातून आलेल्या तयार रंगाच्या ट्यूबमध्ये तो निळा नव्हता. एक पोलिसांच्या गाडीसारखा होता, एक बसस्टँडच्या भिंतीसारखा. शेवटी मलकापूरच्या एका जुन्या रंगवाल्याकडे कोरडी पूड मिळाली. दादाने ती ओल्या बोटावर घेऊन कागदावर ओढली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाला, "हाव. हेच पाणी."

कोरड्या पुडीची एक खोड असते, ती गुठळ्या धरते. पहिला हात दादाने आणि मिस्त्रींनी दिला तेव्हा दादाने पूड तलम कापडातून गाळली, चमचाभर रेझिनमध्ये घोटघोट घोटली, मग बाकीच्या रेझिनमध्ये मिसळली. वजन मिस्त्रींनी केलं, वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. काट्यावरचा आकडा मिस्त्री मोठ्याने वाचायचे, दादा कागदावर लिहायचा. मिश्रण भांड्यात ठेवलं तर तापून घट्ट होतं, म्हणून ते पसरट ताटात ओतायचं, रोलर फिरवायचा आणि मागोमाग ब्रशने हलकेच ओढत जायचं, बुडबुडे मोडत. रोलर मिस्त्रींकडे, ब्रश दादाकडे. हात कापत होता, पण ब्रश टेकला की कंप थांबायचा. नकाशा भरताना बसलेली सवय. दोन दिवसांनी तो हात खडखडीत वाळला. कुठे कुठे पुडीचे ठिपके होते, आणि गावातल्या जिनिंग कारखान्याकडून उडत आलेला कापसाचा एक तंतू नावेच्या नाकाजवळ चिकटून कायमचा बसला होता. दादा म्हणाला, राहू दे, मोताळ्याची खूण.

याच सुमारास परवानगीचा प्रश्न निघाला. धरणात खाजगी नाव घालायला कुणाची परवानगी लागते हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती सगळ्यांचीच लागत होती. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या कानावर गेला. ते गृहस्थ स्वतः आले, नावेभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले की हा तालुक्याच्या जलपर्यटनाचा शुभारंभ आहे, तो सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर होईल, परवानगीचं आपण पाहू. म्हणजे त्यांच्या हस्ते नाव उतरली तर ती यंदा उतरेल, नाहीतर फाईलच बुडेल. दादा हो म्हणाला. त्याला पाणी हवं होतं; त्यावर कुणाचं नाव लिहिलं जातं याची सवय त्याला नोकरीतच झाली होती.

दुसरा हात द्यायचा त्या दिवशी दादाला अकोल्याला जावं लागलं. डॉक्टरांची तारीख पुढे ढकलता येत नव्हती आणि रंगही थांबवता येत नव्हता; तिसऱ्या हाताला, मग पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर तरी हवा होता. जाताना त्याने मला बजावलं: पूड गाळून घे, थोड्या रेझिनमध्ये घोट, घाई करू नको, वजन मिस्त्रींवर सोड. मी हो म्हणालो. अशा सूचना मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना दिल्या होत्या. त्या ऐकायच्याही असतात हे मी विसरलो होतो.

मी पूड गाळली. अर्धी. खलात रेझिन घेऊन घोटायला बसलो. पौषातली थंडी, रेझिन मधासारखं घट्ट झालेलं, बत्ता ओढता ओढेना. गुठळ्या मोडायच्या आणि पुन्हा जुळायच्या. मनगट भरून आलं. आणि मग मला आठवला आमच्या गावच्या मारुतीचा शेंदूर.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी मारुतीला शेंदूर चढवायचा मान आमच्या घराचा. मी दहा वर्षांचा असल्यापासून वडील खल माझ्यापुढे ठेवायचे. त्यांचा नियम एकच: कोरडा शेंदूर देवाला लावत नाहीत, त्याला आधी तेल पाजायचं. चमचाभर तेल पडलं की तो भुरभुरता, हट्टी शेंदूर लोण्यासारखा मऊ व्हायचा, बोटाने घेतला तर काचेसारखा चमकायचा. पुढे वर्गात मी या मानाची भरपूर थट्टा केली. दगडाला दरवर्षी नवा थर देऊन आतला देव दिसेनासा करण्यात आमच्या पिढ्यांनी बहुमान मानला, असं म्हटलं की पोरं हसायची.

शेडमधल्या फळीवर जवसाच्या तेलाची बाटली होती. दादाने ती वल्ह्यांसाठी आणली होती. वल्ह्याच्या मुठीला रंग देत नाहीत, तेल चोळतात. मी झाकण काढलं आणि चमचाभर तेल खलात ओतलं. निळा क्षणात मऊ झाला. गुठळी नाही, ठिपका नाही. रंगाला तेल पाजायचं असतं हे शास्त्र आपल्या घरातलं आहे आणि ते इंटरनेटवर नसतं, असा एक विचारही मनात येऊन गेला. थट्टा करणाऱ्याच्या पोटातही परंपरेचा अभिमान असतो, आणि तो नेमक्या वाईट वेळी बाहेर पडतो.

मिस्त्री आले तेव्हा मी वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी काडीने रंग उचलून पाहिला. "सर, लोण्यावानी केला हो तुमी," ते म्हणाले. "भाऊच्यानं बी असा नव्हता झाला."

मी तेलाचं काही बोललो नाही. तेव्हा लपवायचं म्हणून नाही. कौतुक चाललं असताना कृती कोण सांगतो.

मिस्त्रींनी वजन केलं, आकडा मोठ्याने वाचला, मी लिहिला. त्यांनी रोलर फिरवला, मी ब्रश ओढला. दुपारच्या उन्हात नाव अशी दिसत होती की मी दोन पावलं मागे सरून बराच वेळ पाहत राहिलो. दादा संध्याकाळी आला. त्याने हात न लावता नुसतं वाकून पाहिलं, फळीवर काहीतरी ठेवायला गेला, तिथे जरा थांबला, आणि घरात निघून गेला. प्रवासाने दमला असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रंग ओला होता. थंडी आहे, म्हटलं. तिसऱ्या दिवशीही बोट चिकटत होतं. शेडमध्ये दोन मोठे बल्ब लावले, कापड टांगून ऊब धरली. पाचव्या दिवशी नावेवर हात ठेवला की तळहात सुटताना चर्र आवाज यायचा, गुळाच्या पाकात ठेवल्यासारखा. आता मला कळलं होतं. मी कुणाला न सांगता मोबाईलवर शोधलं. रेझिन आणि हार्डनर एकमेकांना पूर्ण धरतात तेव्हाच थर पक्का होतो. त्यात तेल असेल तर ते मध्ये बसून राहतं आणि थर मऊ, चिकट राहतो. दिव्याने, उन्हाने, नवसाने, कशानेही तो पक्का होत नाही. खरवडून काढणं हाच उपाय.

त्या संध्याकाळी आम्ही तिघे शेडमध्ये उभे होतो. दादा काही बोलत नव्हता. मिस्त्री नावेच्या कडेकडेने बोट लावत चालले होते, कुठेतरी एखादी वीत तरी वाळली असेल या आशेने. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो. वऱ्हाडीत बोललो असतो तर कदाचित खरं निघालं असतं, पण मी वर्गातल्या शुद्ध मराठीत म्हणालो, "वजनाचा आकडा वाचताना काही गफलत झाली असेल का?"

प्रश्न कुणालाच उद्देशून नव्हता. अशा प्रश्नांत माझा हातखंडा आहे.

मिस्त्रींचं बोट थांबलं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "असन," ते म्हणाले. "आता डोळे बी तसे राह्यले नाहीत. माह्याच हातानं चुकलं असन, भाऊ."

मी लिहिलेला कागद माझ्या खिशात होता. आकडे बरोबर होते. मी तो बाहेर काढला नाही.

सव्वीस जानेवारीला नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून धरणावर नेली. नेऊ नये असं दादाचं मत होतं, पण मांडव घातला होता, माईक लागला होता. मांडवावर मोठा फलक होता. छापणाऱ्याला कॅनू हा शब्द चुकीचा वाटला असावा. त्याने तो सुधारून 'स्वदेशी कॅनॉलचा जलार्पण सोहळा' असं छापलं होतं. उद्घाटन झालेलं आणि पाणी न पाहिलेलं असं जे जे आमच्या तालुक्यात असतं, त्याला कॅनॉलच म्हणतात. एवढा अचूक छपाईदोष मी दुसरा पाहिला नाही.

पुढाऱ्यांनी नावेच्या नाकाला हळदकुंकू लावलं. ते लागलं आणि तिथेच राहिलं. झेंडूच्या पाकळ्या उधळल्या, त्या जिथे पडल्या तिथे चिकटल्या. मग त्यांच्या माणसाने शाल पुढे केली. या गृहस्थांच्या हाताला शाल द्यायची इतकी सवय झालेली, की त्यांनी ती नावेवरच पांघरली. फोटो निघाले. शाल उचलायला गेले तर शाल येईना. दोघांनी ओढली तेव्हा ती आली, आणि नावेच्या पाठीवर हातभर रुंद लोकरीचा पट्टा मागे राहिला. पुढाऱ्यांनी तळहात पाहिला, निळा झाला होता. कुणीतरी रुमाल दिला.

आता नाव पाण्यात घालायची, असं माईकवरून सांगण्यात आलं. दादा उठून उभा राहिला आणि नाही म्हणाला. थर कच्चा आहे, पाणी लागलं तर पांढरा पडेल, खालचं चांगलं कामही घेऊन जाईल. एवढंच. पुढाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसली; त्यांना पोहता येत नसावं. माईकवरून तांत्रिक अडचण जाहीर झाली आणि सत्कार पुढे चालू राहिले. मागच्या रांगेत कुणीतरी मिस्त्रींना विचारलं, काय झालं म्हणून. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. मिस्त्री म्हणाले, "मी बिघडवली."

समोर नळगंगा धरणाचं पाणी काठापर्यंत होतं. दादा त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री यायचे बंद झाले. दादाने बोलावणं पाठवलं तर निरोप आला की कंबर धरली आहे. खरवडायला राहिलो आम्ही दोघे भाऊ. चिकट थरावर घासायचा पाणीपेपर चालत नाही, लगेच भरतो. पातळ पात्याने खरवडायचं, चिंधी थिनरमध्ये भिजवून पुसायचं, पुन्हा खरवडायचं. एका दिवसात जेमतेम चार बोटं लांबी. पात्याला जे यायचं त्यात निळं, झेंडू, हळद आणि लोकर एकत्र असायची. दादाला पातं धरता यायचं नाही. ब्रशाला थांबणारा कंप पात्याला थांबत नव्हता, उलट खालच्या चांगल्या थरावर ओरखडे उठायचे. म्हणून तो चिंध्या भिजवून द्यायचा आणि मी खरवडायचो. माघ गेला. फाल्गुनात धरणाचं पाणी काठापासून मागे हटलं आणि चिखलाचा पट्टा दिसू लागला. संध्याकाळी फिरायला गेला की दादा तो पट्टा डोळ्यांनी मोजून यायचा. मला आकडा सांगायचा नाही.

एका दुपारी नाकाजवळचा शेवटचा तुकडा अखंड सुटला, तळहाताएवढा, साल निघावी तसा. तो पाहून मला मारुतीची खोळ आठवली. आमच्या लहानपणी एकदा पिढ्यांच्या शेंदराचा तो जाड थर आपोआप सुटून खाली पडला होता. आत निघाली वीतभर उंचीची, झिजलेली मूर्ती. वडील रडले होते, आणि गाव दर्शनाला लोटलं होतं. मी ते दादाला म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून. आठवतं का, म्हटलं, केवढा थर होता.

"आठवते," दादा म्हणाला. "तेलाचा वास येत होता त्याले."

मग तो फळीपाशी गेला, जवसाच्या तेलाची बाटली उचलून आणली आणि माझ्यापुढे घोडीवर ठेवली. बाटलीच्या काचेवर निळा अंगठा उमटलेला होता. रेषा न् रेषा स्पष्ट. तोही अजून चिकट. हार्डनर न घातलेलं रेझिन ते, कधीच वाळणार नव्हतं.

"तुले कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"अकोल्याहून आलो त्याच सांजचं."

"मंग बोलला काऊन नाही?"

दादाने चिंधी पिळली. "अंगठा तर लावला व्हता तू," तो म्हणाला. "मले वाटलं, सही बी करशीन."

दोन महिने तो चिंध्या भिजवून देत होता आणि वाट पाहत होता. त्यासाठी त्याने मिस्त्रींना गमावलं, आणि बहुधा पाणीही. त्याने लगेच तोंड उघडलं असतं तर मिस्त्री वाचले असते, हेही मला तेव्हाच सुचलं, आणि आजही सुचतं. आमच्या घरात दोघांनाही गप्प बसता येतं. फरक एवढाच की त्याचं गप्प बसणं माझी परीक्षा होती आणि माझं गप्प बसणं तिचं उत्तर.

मी त्याच दिवशी मिस्त्रींकडे गेलो. ते अंगणात एका चौकटीला रंधा मारत होते. कंबर ठीक दिसत होती. बसा म्हणाले, घरातून पाणी आलं. मी सगळं सांगितलं. खल, रेझिन, थंडी, तेल, बाटली. खिशातून आकड्यांचा कागद काढला. जपून ठेवला होता. आपल्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवण्याची ही सवय मला कुठून लागली, कोण जाणे. आकडे मोठ्याने वाचून दाखवले. दोनाला एक. तंतोतंत.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. रंध्यातली साल बोटाने काढली. मग माझ्याकडे पाहून हसले, आणि ते हसू इतकं निर्मळ होतं की मला पुढचं ऐकायच्या आधीच कळलं.

"भाऊनं पाठवलं ना तुमाले?"

नाही, म्हटलं, मी आपणहून आलो. खरंच मीच केलं.

"चमचाभर तेलानं एवढा मोठा डोंगा बिघडते काय, सर?" ते म्हणाले. "मी रंगातच वाढलो. तेलानं रंगाले जीव येते. तुमी मोठ्या मनाचे हा. शिकलेला माणूस दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेते, हे मी पह्यल्यांदा पाह्यलं."

मी पुन्हा सांगितलं. मोबाईल काढून दाखवला. त्यांनी मोबाईलकडे पाहिलंही नाही. तिथली अक्षरं त्यांच्या कामाची नव्हती, आणि ती माझ्या बाजूची आहेत हे त्यांना ठाऊक होतं. माणसाने अपराध कबूल करावा आणि समोरच्याने त्याचा मोठेपणा म्हणून सत्कार करावा, यात शाल तेवढी कमी होती. निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. तोवर कधी आले नव्हते.

पण त्यानंतर ते शेडमध्ये यायला लागले. दुसरा हात आणि तिसरा हात आम्ही चैत्रात दिला, सकाळी लवकर, कारण आता ऊन असं की ताटातलं मिश्रण बघता बघता घट्ट व्हायचं. पूड दादाने गाळली, घोटली मी, नुसत्या रेझिनमध्ये, मनगट सुजेपर्यंत. मिस्त्रींनी रोलर घेतला. काट्याला मात्र ते शिवले नाहीत. "वजन तुमी करा सर," म्हणाले, आणि तोंड फिरवून उभे राहिले. ब्रश दादाने हातात घेतला, टेकवला. या वेळी टेकवल्यावरही कंप थांबला नाही. थरावर बारीक लाटा उठल्या. त्याने ब्रश माझ्याकडे दिला.

नाव उतरली ती पुढच्या कार्तिकात. तोपर्यंत पुढाऱ्यांना दुसरे शुभारंभ होते, त्यामुळे कुणीच आलं नाही आणि परवानगीही कुणी विचारली नाही. काठावर मिस्त्री, मासे धरणारे दोघेतिघे आणि वहिनी. दादाला आम्ही धरून पुढच्या फळीवर बसवलं. वल्ह्याच्या मुठीला तेल चोळलेलं होतं. त्याने ते मांडीवर आडवं धरलं, काही वेळ तसंच धरून ठेवलं. मग मान न वळवता मागे सरकवलं. मी घेतलं.

निळा पाण्यावर नकाशात असतो तसाच दिसत होता. दादा दोन्ही हातांनी कडा धरून बसला होता. कडा धरल्या की हात कापताना दिसत नाहीत. मी वल्हवत होतो, वाईट. नाव एका बाजूला जात होती.

काठापासून दहाबारा हातांवर असू. मासे धरणाऱ्यांपैकी एकाने मिस्त्रींना विचारलं की डोंगा तर झकास झाला, मग मागच्या सालीच काऊन नाही उतरला. पाण्यावरून आवाज साफ येतो.

"पयल्या बारीले बिघडला व्हता," मिस्त्री म्हणाले. "माह्या हातानं. पण सरांनी आपल्या अंगावर घेतलं, कोणाले कळू नाही देल्लं."

दादाची पाठ माझ्याकडे होती. ती हलली नाही. मी वल्हं पाण्यात घातलं आणि नाव सरळ करत राहिलो.